मुलाच्या लहान होडीला आउटबोर्ड मशीन : कोणतं घ्यावं, किती ताकदीचं घ्यावं?

बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापुरी अशा खाड्यांच्या काठावर आपल्या समाजाची कितीतरी गावं आहेत. इथली मुलं सायकलच्या आधी वल्हं मारायला शिकतात. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की घरात मागणी सुरू होते : “अब्बा, होडीला मशीन बसवूया.” वडील किंवा चाचा गल्फमध्ये असतील तर पैशांची सोयही होते. मग प्रश्न उरतो तो कुठलं मशीन घ्यायचं याचा. दुकानदार मोठं दाखवतो, मित्र त्याहून मोठं सांगतात. निर्णय मात्र आई-वडिलांना घ्यायचा असतो, आणि चुकला तर तो नुसता पैशांपुरता राहत नाही. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

सगळ्या माहितीचं सार आधीच सांगतो. मुलाला एकट्याने चढवता-उतरवता येईल, एका झटक्यात बंद करता येईल आणि बंद पडलं तर वल्ह्यांनी घरी येता येईल, तेवढंच मशीन त्याच्यासाठी योग्य.

आधी होडी मोजा, मग दुकानात जा

होडीची लांबी फुटात मोजा. मागच्या टोकाची फळी, जिथे मशीन अडकवतात, तिची रुंदी मोजा. मागची बाजू निमुळती असेल तर होडीच्या मागच्या पाव भागातली जास्तीत जास्त रुंदी घ्या. दोन्हींचा गुणाकार करा. 20 फुटांपेक्षा लहान होड्यांसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याच गुणाकारावर मशीनची कमाल मर्यादा ठरवली आहे :

- 35 पर्यंत : 3 एचपी
- 36 ते 39 : 5 एचपी
- 40 ते 42 : 7.5 एचपी
- 43 ते 45 : 10 एचपी

होडीचा तळ सपाट आणि कडा कोनदार असतील तर एक पायरी खाली यायचं. उदाहरण घेऊ. होडी 12 फूट लांब आणि मागे साडेतीन फूट रुंद आहे. गुणाकार 42, म्हणजे मर्यादा 7.5 एचपी. तळ सपाट असेल तर 5 एचपी. हा नियम आपल्याकडचा कायदा नाही, पण अंदाजासाठी चांगला आहे. आणि ही कमाल मर्यादा आहे, तेवढं घ्यायलाच हवं असं नाही. मुलासाठी त्याच्या खालीच राहावं.

जास्त एचपी म्हणजे जास्त वेग, हा गैरसमज

जड लाकडी होडी पाणी कापत चालते. अशा होडीच्या वेगाला तिच्या लांबीनेच मर्यादा येते. 12 फुटी होडीसाठी ही मर्यादा साधारण साडेचार नॉट, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास आहे. तिथपर्यंत 3 ते 5 एचपी पुरते. त्यापुढे ताकद वाढवली की मागचा भाग खाली बसतो, नाळ वर उठते आणि पेट्रोल फुकट जातं.

फायबरची हलकी होडी असेल तर गोष्ट वेगळी. तिला 8-10 एचपी लावलं आणि आत एकटा मुलगा असला तर ती पाण्यावर उचलून ताशी 25 किलोमीटरच्या वर पळू शकते. खरा धोका इथेच आहे. त्या वेगात एखादी लाट किंवा जाळ्याचा दोर आडवा आला तर मुलगा बाहेर फेकला जातो.

आमचं मत असं : 10 ते 12 फुटी होडीला 2 ते 3.5 एचपी, आणि 12 ते 14 फुटी होडीला 4 ते 6 एचपी. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला यापेक्षा जास्त देऊ नये.

“पण उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडावर लहान मशीन चालेल का?” हा प्रश्न रास्त आहे. होडीचा वेग 4 नॉट असेल आणि पाणी 2 नॉटने बाहेर ओढत असेल तर हातात फक्त 2 नॉट उरतात. यावर उपाय मोठं मशीन नव्हे. भरती-ओहोटीची वेळ पाहून निघायचं, भरतीबरोबर परत यायचं, आणि खाडीच्या तोंडाबाहेर जायचंच नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि पाण्याला ओढ जास्त असते, हे तर आपली मुलं घरीच शिकतात.

वजन पाहिलंत का?

2 ते 3.5 एचपीचं फोर-स्ट्रोक मशीन साधारण 14 ते 19 किलोचं असतं. 4 ते 6 एचपीचं 24 ते 28 किलो. 8 ते 9.9 एचपीचं 37 किलोच्या पुढे, आणि 15 एचपीचं 50 किलोच्या आसपास. हे सगळं वजन होडीच्या अगदी मागच्या टोकाला लटकतं. त्यात मुलगाही मागेच बसतो आणि तेलाची टाकीही बहुतेक तिथेच ठेवतात. म्हणून टाकी पुढे सरकवावी. चिखलातून मशीन किनाऱ्यावर आणायचं कामही मुलालाच करायचं आहे, हेही लक्षात घ्या.

शाफ्टची लांबी

एचपी बरोबर आणि शाफ्ट चुकीचा, असं बऱ्याचदा होतं. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत सरळ खाली मोजा. 15 इंचांच्या आसपास भरलं तर शॉर्ट शाफ्ट, 20 इंचांच्या आसपास भरलं तर लाँग शाफ्ट. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा खेचतो, मशीन नुसतं ओरडतं आणि थंड करणारं पाणी न मिळाल्याने गरम होतं. लांब झाला तर ओहोटीच्या उथळ पाण्यात पंखा चिखलाला आणि खडकाला लागतो.

टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक की बॅटरी?

टू-स्ट्रोक हलकं आणि दुरुस्तीला सोपं. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. बहुतेक मशीनना 50 भाग पेट्रोलला 1 भाग, म्हणजे 5 लिटरला 100 मिली. मुलगा ऑइल घालायला विसरला तर मशीन जाम होतं. धूर आणि आवाजही जास्त.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं. पेट्रोल कमी लागतं, आवाज कमी, हळू चालवतानाही नीट चालतं. वजन आणि किंमत थोडी जास्त. तरी मुलासाठी आम्ही लहान फोर-स्ट्रोकच सुचवू.

बॅटरीची मोटर शांत खाडीत, जवळच्या फेरीला चांगली. पण हिशोब करा. 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअर ओढत असेल तर 100 अँपिअर-अवरची साधी बॅटरी तासाभरातच निम्म्यावर येते, आणि ती त्याहून जास्त उतरवू नये. शिवाय मोटर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली आहे का, हे विचारून घ्या.

गल्फमधून मशीन आणण्याचा विचार असेल तर त्या मॉडेलचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारा मेकॅनिक आपल्या बंदरात मिळतो का, याची आधी चौकशी करा. नाहीतर पाण्याच्या पंपाच्या एका रबरी चकतीसाठी सगळा मोसम मशीन पडून राहील.

या गोष्टींवर तडजोड नाही

- किल स्विचची दोरी. एक टोक मशीनला, दुसरं मुलाच्या मनगटाला किंवा जॅकेटला. मुलगा पडला की मशीन बंद. दोरीची सोय नसलेलं जुनं मशीन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.
- न्यूट्रल. गिअरमध्ये असताना सुरूच होणार नाही असं मशीन घ्या. पाण्यात माणूस असेल तर जवळ जाण्याआधी मशीन बंद करायचं.
- लाइफ जॅकेट. मुलाच्या वजनाचं, आणि अंगात घातलेलं. “पोहता येतं” हे उत्तर चालणार नाही.
- वल्ह्यांची जोडी, नांगर आणि दोर, शिट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 त्यात साठवून ठेवा.
- पेट्रोलचे तीन भाग. एक जायला, एक यायला, एक राखीव. टाकी होडीबाहेर काढून भरायची.

जुनं मशीन घेताना

मशीन थंड असतानाच जा आणि मुलालाच दोरी ओढून सुरू करायला सांगा. त्याला जमत नसेल तर ते मशीन त्याचं नाही. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून पाहा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. मशीनवरचा नंबर खरवडलेला असेल किंवा बिल नसेल तर परत या.

घेतल्यावर प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन पाच-दहा मिनिटं चालवायचं. खारं पाणी आत सुकलं की पाण्याचे मार्ग बंद होतात. हे काम मुलाकडेच द्या.

कागदपत्रं

होडी मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला, आणि नसेल तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर निरीक्षकाला भेटा. मशीन घेण्याआधीच भेटा, नोंदणी आणि वयाबद्दल विचारा. एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. 1 जूनपासून लागणारी पावसाळी मासेमारी बंदी वल्ह्या-शिडाच्या होड्यांना लागू नसते. मशीन बसवलं की ती सवलत जाते.

शेवटी एवढंच. पहिले काही महिने मुलाबरोबर घरातलं मोठं माणूस होडीत असावं. एकटा जायला लागला की कुठे जातोय आणि किती वाजता येणार, हे घरी सांगितल्याशिवाय दोरी सोडायची नाही. आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. योग्य मशीन, अंगात जॅकेट आणि मनगटाला दोरी, हे आपल्या हातातलं काम आहे. ते पूर्ण करून मग बिस्मिल्लाह म्हणून मुलाला पाण्यात पाठवा. इन्शाअल्लाह, तो हौसही भागवेल आणि वेळेवर घरीही येईल.