दवाखाना कोणाचा, थैली कोणाची?

सातारच्या जुन्या मुलखांत, कृष्णेच्या खोऱ्यांत वसलेलें आष्टा हें गांव आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. १८४८ सालीं सातारचे छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निधन पावले. त्यांचें दत्तकविधान नामंजूर करून कंपनी सरकारनें तें राज्य खालसा केलें, आणि त्याबरोबर आष्टाहि इंग्रजी अंमलाखालीं आलें. नव्या अंमलास थोडींच वर्षें झालीं असतां, १८५३ सालीं, गांवास नगरपालिका मिळाली. गांवानें आपला कर आपण भरावा आणि आपल्या रस्त्यांची, दिवाबत्तीची व झाडलोटीची काळजी आपणच वाहावी, हा त्या वेळच्या कायद्याचा हेतु. हेतु चांगला होता, यांत वाद नाहीं. परंतु सार्वजनिक आरोग्याच्या पुढील इतिहासांत जो पेंच वारंवार पडला, त्याचें बीजहि येथेंच पेरलें गेलें. काम खालीं द्यावयाचें आणि उत्पन्नाच्या मोठ्या बाबी वर ठेवावयाच्या, ही ती रीत होय.

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी म्हण आहे. दवाखान्यांच्या या कथेंत आड पुष्कळदां कोरडा नव्हता. दोर मात्र दुसऱ्याच्या हातीं होता. म्हणून सरकारनें आरोग्याच्या व्यवस्थेंत कांहीं फेरफार केला, तर त्यास सुधारणा म्हणावें कीं काटछाट म्हणावें, हें ठरविण्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारणें इष्ट असतें. काम कोणाकडे गेलें आणि पैसा कोणाकडे राहिला?

मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें शेतसाऱ्यावर दर रुपयास एक आणा असा लोकलफंड बसविण्यांत आला. म्हणजे आष्ट्याच्या रानांत ज्वारी पिकविणारा कुणबी साऱ्याचा सोळावा हिस्सा साऱ्याखेरीज देऊं लागला. या आण्याचा एक तृतीयांश भाग शाळांकडे जाई आणि उरलेला दोन तृतीयांश रस्ते व इतर लोकोपयोगी कामांकडे. रस्ते, पूल, विहिरी आणि धर्मशाळा यांच्या पंक्तींत दवाखान्यानें आपलें पान मांडून घ्यावयाचें होतें. पुढें लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ सालीं तालुका व जिल्हा लोकलबोर्डें स्थापन झालीं. खेड्यांतील दवाखान्याचें पालकत्व त्यांच्या गळ्यांत पडलें. अधिकार लोकांकडे आले, ही गोष्ट स्वागतार्हच होती. परंतु आण्याचे दोन आणे झाले नाहींत.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि थोड्याच काळांत तो रेल्वेच्या व बाजारांच्या वाटेनें देशावर चढला. सातारा जिल्ह्यास त्याची झळ फार तीव्र लागली. १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. तपासणी, विलगीकरण, घरें रिकामीं करविणें, यांचे अफाट अधिकार सरकारनें आपल्या हातीं घेतले. खर्चाचा मोठा भार मात्र आधींच कृश असलेल्या नगरपालिका व लोकलबोर्डें यांच्यावर पडला. त्याच वर्षीं मार्चमध्यें पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले यांस प्लेग झाला व त्यांतच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षाच्या आरंभीं वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरांत टोचून घेतली होती. एका बाजूस असा त्याग आणि असें शास्त्र, आणि दुसऱ्या बाजूस रिकामी तिजोरी असलेली गांवची संस्था, असें त्या काळाचें चित्र आहे.

१९१९ च्या सुधारणांनीं हाच पेंच कायद्याच्या भाषेंत लिहून काढला. प्रांतिक कारभाराचे दोन भाग झाले. वैद्यक व सार्वजनिक आरोग्य हीं खातीं 'सोपीव' म्हणून लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलीं. जमाखर्चाचें खातें 'राखीव' म्हणून गव्हर्नर व त्याचे कौन्सिलर यांच्याकडे राहिलें. शिवाय मध्यवर्ती सरकारची तूट भरून काढण्यास मुंबई इलाख्यानें वर्षास ५६ लाख रुपये द्यावे, असें ठरलें. मंत्र्यानें दवाखाना उघडण्याचें आश्वासन द्यावें आणि दुसऱ्या दालनांतून पैसे नसल्याचें उत्तर यावें, असा तो संसार होता. दोष सर्वस्वीं मंत्र्यांचा नव्हता व गव्हर्नराचाहि नव्हता. तो रचनेचा होता. परंतु तापानें फणफणलेल्या मुलास कडेवर घेऊन बंद दारापुढें उभ्या असलेल्या आईस रचनेचा दोष समजावून सांगून काय उपयोग?

या साऱ्याचा हिशेब प्रथम नीट मांडला तो भोर समितीनें. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकांत जन्मलेले. १९४३ सालीं नेमलेल्या या समितीनें १९४६ सालीं अहवाल सादर केला. तेव्हांच्या हिंदुस्थानांत सुमारें ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर आणि सुमारें ४३,००० लोकांमागें एक परिचारिका होती, आणि डॉक्टरांपैकीं बहुतेक शहरांतच होते. केवळ पैसे नाहींत म्हणून कोणाहि मनुष्यास योग्य औषधोपचार मिळूं नयेत असें घडतां कामा नये, हें तत्त्व समितीनें पायाभूत मानलें. दर ४०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, ही त्या योजनेची पहिली पायरी होती.

स्वातंत्र्यानंतर पावलें पडूं लागलीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर आरोग्यकेंद्रें उघडूं लागलीं. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या आणि हीं केंद्रें त्यांच्या स्वाधीन झालीं. त्याच वर्षीं मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. या काळाचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. देवीच्या रोगाचें उच्चाटन झालें तें घरोघर हिंडणाऱ्या लस टोचणाऱ्यांच्या पायपिटीनें. परंतु याच केंद्रांकडून मूळ कामास सोडून भलतेंच काम घेण्याचा प्रसंगहि आला. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळांत कुटुंबनियोजनाचे आंकडे भरून काढणें हेंच आरोग्यसेवकांचें मुख्य कर्तव्य होऊन बसलें. १९७६ सालीं तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अंमलांत आलें नाहीं. अंदाजपत्रकांतील एक रुपयाहि न कापतां सेवा कशी कापली जाते, याचें हें उदाहरण होय. ज्या परिचारिकेच्या हातून लोक मुलांस लस टोचून घेत, तिला पाहून कित्येक ठिकाणीं ते शेतांत पळूं लागले.

१९९१ च्या आर्थिक संकटानंतर काटकसर हा राज्यकारभाराचा मंत्र झाला. १९९२-९३ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत रोगनियंत्रणाच्या कार्यक्रमांस कात्री लागली. १९९९ सालीं जागतिक बँकेच्या कर्जानें महाराष्ट्रांत सरकारी रुग्णालयांची सुधारणा हातीं घेण्यांत आली. इमारती व उपकरणें यांची भर त्यांतून पडली. त्याबरोबर रुग्णाकडून शुल्क घ्यावें आणि तें त्याच रुग्णालयानें वापरावें, हा विचारहि दृढ झाला. शुल्क लहान आहे, असें सांगण्यांत येई. पण मजुरी बुडवून, गाडीभाडें खर्चून आलेल्या शेतमजुरास लहान कोणतें व मोठें कोणतें, हें त्याच्या कनवटीवरूनच ठरतें. अखेर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसे गेले, ही मोठी गोष्ट खरी. तथापि आंत औषध नसेल आणि चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानीं जावें लागत असेल, तर निःशुल्क या शब्दास काय अर्थ उरतो?

औषधांच्या बाबतींत दोराचा प्रश्न अगदीं उघडा पडला. २०१७ सालीं राज्यानें औषधखरेदी एकत्र करून ती हाफकिन महामंडळाकडे सोंपविली. ज्या नांवानें एकदां लस लोकांच्या दारीं आणली, त्याच नांवाच्या मेजावर आतां खेड्यापाड्यांचीं मागणीपत्रें साचूं लागलीं. औषधें वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षें चालल्या, आणि २०२३ सालीं या कामासाठीं वेगळें प्राधिकरण नेमण्याचा कायदा करावा लागला. एकत्र खरेदी मुळांतच वाईट, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तामिळनाडूनें १९९४ सालीं असेंच महामंडळ काढलें व तें यशस्वी झालें. तेथें प्रत्येक आरोग्यकेंद्रास बँकेच्या पुस्तकासारखें एक पासबुक मिळतें. आपल्या वाट्याचे किती रुपये शिल्लक आहेत तें केंद्रास दिसतें, आणि त्या मर्यादेंत कोणतें औषध हवें तें केंद्रच सांगतें. खरेदी वर झाली, पण दोराचें एक टोंक खालच्या हातांत राहिलें.

विम्याच्या योजनांसहि हीच कसोटी लावावी. २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढें राज्यभर पसरली, आणि २०१७ सालीं तिला महात्मा फुले यांचें नांव मिळालें. हृदयाच्या शस्त्रक्रियेनें ज्याचा जीव वांचला, त्याच्या घरीं तिची निंदा कोणी करणार नाहीं. पण हिंवताप, जुलाब, सर्पदंश यांवरील पहिला उपचार गांवाजवळ व्हावयास हवा, आणि तो विम्याच्या कागदानें होत नाहीं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचा संकल्प केला होता. तें साल उलटलें. संकल्प पुरा झाला नाहीं.

सरकारची थैली अमर्याद नाहीं, काटकसर हा गुण आहे आणि निरुपयोगी खर्च थांबविलाच पाहिजे, हें सारें मान्य. परंतु आरोग्याच्या कामीं उपयोगी काय व निरुपयोगी काय, हें साथ नसतांना कळत नाहीं. २०२० च्या मार्चमध्यें वाळवें तालुक्याच्या इस्लामपूर गांवीं एका कुटुंबापासून कोरोनाची साथ सुरू झाली व सुमारें पंचवीस माणसांस लागण झाली. आष्ट्यापासून तें गांव हाकेच्या अंतरावर. सारा मुलूख भयानें गांगरला असतां ते रुग्ण मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत नेण्यांत आले, आणि बहुतेक सारे बरे होऊन परतले. त्या दिवशीं कोणीं विचारलें नाहीं, कीं हें रुग्णालय आधींचीं साठ वर्षें कशास पोसलें? आग लागल्यावर विहीर खणतां येत नाहीं. ती आधीं कोणी तरी खणून ठेवलेली असावी लागते.

म्हणून उद्यां एखादें आरोग्यकेंद्र दुसऱ्याशीं जोडण्याचा, एखादी जागा न भरण्याचा किंवा एखादें रुग्णालय खाजगी हातीं देण्याचा हुकूम निघाला, तर त्याच्या नांवावर न जातां लोकांनीं शांतपणें हिशेब मागावा. या हुकुमानें काम कोणावर पडलें? त्याचे पैसे त्याच्याबरोबर गेले काय? आणि औषध संपलें असतां तें मागण्याचा अधिकार गांवच्या डॉक्टरास आहे काय? १८६९ सालीं आष्ट्याच्या कुणब्यानें रुपयामागें एक आणा मोजला, तेव्हां हे प्रश्न विचारण्याचा हक्कहि त्यानें विकत घेतला होता. त्याच्या नातवंडांनीं तो सोडून देण्याचें कांहीं कारण नाहीं.