झिजलेल्या फॉलिसची कुळकथा

बायझंटाइन साम्राज्याची कांस्य नाणी प्रथमदर्शनी कोणाच्याही मनात आदर उत्पन्न करीत नाहीत. कडा वेड्यावाकड्या, ठसा एका अंगाला सरकलेला, सम्राटाच्या मुखाचा केवळ उंचवटा शिल्लक, आणि लेख उरलाच असेल तर अर्धामुर्धा. तथापि ज्या राजसत्तेने ती पाडली, तिने त्यांच्या पाठीवर आपला कारभार इतक्या शिस्तीने नोंदवून ठेवला आहे की, चेहरा पार पुसला गेल्यावरही पाठ वाचून नाण्याचे कुळ सांगता येते.

पाचव्या शतकाच्या अखेरीस त्या साम्राज्याच्या बाजारात हलके नाणे म्हणून नुम्मुस नावाची, वजनाला जेमतेम एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी भरणारी टिकली तेवढी चालत होती. इ. स. 498 मध्ये सम्राट अनास्तासियस पहिला याच्या कारकीर्दीत, खजिन्याचा मुख्याधिकारी पॅफ्लागोनियाचा जॉन याच्या हातून, चाळीस नुम्मुस किमतीचे फॉलिस हे मोठे नाणे निघाले. ग्रीक लोक अंक अक्षरांनी लिहीत असल्यामुळे चाळिसाचे चिन्ह जे ‘म्यू’ अक्षर, तेच पाठभर ठसठशीत छापले गेले. विसांच्या नाण्यावर ‘कापा’ आले, दहांच्या नाण्यावर ‘योटा’. अलेक्झांड्रियाने मात्र बारा नुम्मुसांचे आपले जाड, ठेंगणे नाणे निराळेच राखले, आणि त्यावरील ‘योटा-बीटा’ ही जोडी दिसताच नाणे इजिप्तचे ठरते.

म्हणून झिजलेले नाणे हाती येताच आधी पाठ पाहावी. म्यूच्या पायांमध्ये टांकसाळीच्या शाखेचे अक्षर असते व तळाशी टांकसाळीच्या गावाचे संक्षिप्त नाव. ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल, ‘निको’ म्हणजे निकोमीडिया. जस्टिनियनाने आपल्या राज्यारोहणाच्या बाराव्या वर्षी, म्हणजे 538-39 मध्ये, यात मोलाची भर घातली. सम्राटाचे मुख समोरून दाखवले जाऊ लागले, आणि म्यूच्या एका बाजूस ‘आन्नो’, म्हणजे ‘वर्षी’, हा शब्द व दुसऱ्या बाजूस राज्यवर्षाचा आकडा आला. आपल्याकडील मोगली रुपयावरील जुलुसी सनासारखीच ही नोंद. लेख कडेला असल्यामुळे सम्राटाचे नाव सर्वांआधी झिजते. पण सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन आकृती दिसल्या, तर त्या बहुधा दुसरा जस्टिन व त्याची राणी सोफिया यांच्या, आणि म्यूच्या जागी रोमन पद्धतीचे चार दहाचे आकडे असले, तर फोकासचा संशय घ्यावा.

खरी परीक्षा हेराक्लियसाच्या नाण्यांत होते. इराणच्या सासानी सत्तेशी चाललेल्या युद्धाने खजिना रिता केला, इतका की चर्चमधील चांदीही वितळवावी लागली. 610 मध्ये सुमारे 11 ग्रॅम असलेला फॉलिस 624 च्या सुमारास निम्म्यावर आला. नवी चकती घडवण्याऐवजी जुनीच नाणी, कधी तुकडे करून, पुन्हा ठशाखाली घातली गेली. असे नाणे तिरप्या उजेडात धरून सावकाश फिरवावे: उभ्या सम्राटाच्या व त्याच्या पुत्राच्या आकृतींखालून आधीच्या म्यूचा एखादा आडवा पाय, किंवा पूर्वीच्या सम्राटाच्या नावाची दोन अक्षरे डोकावतात. तळचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा, हा निर्णय येथे धातूनेच दिलेला असतो. माझ्या मते या बेढब नाण्यांत जितका इतिहास आहे तितका त्याच काळच्या नेटक्या सुवर्णमुद्रेत सापडत नाही.

नवव्या शतकात थिओफिलसाने म्यू काढून पाठीवर चार ओळींचा लेख घातला. पुढे जॉन त्सिमिस्केसाच्या काळापासून, म्हणजे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ख्रिस्ताची प्रतिमा असलेले, सम्राटाचे नावच नसलेले फॉलिस निघाले. त्यांची वर्गवारी विद्वानांना प्रतिमेचे बारकावे आणि एकावर एक पडलेले ठसे यांवरूनच लावावी लागली. 1092 च्या अलेक्सियसाच्या चलनसुधारणेने फॉलिसचा वंश संपला.

ज्यांच्या संग्रहात अशी नाणी असतील त्यांना एकच विनंती: देवघरातील तांब्याप्रमाणे ती चिंचेने वा लिंबाने घासू नका. वरचा हिरवट थर गेला की त्याबरोबर तळच्या ठशाची उरलीसुरली रेषाही जाते, आणि ती परत आणता येत नाही. आधी वजन करा, व्यास मोजा, पाठीवरची अक्षरे जशी दिसतात तशी कागदावर उतरवून घ्या.