वेग आहे, पण रथी कोठे?

पेडणे महालातील जत्रेत मध्यरात्र उलटल्यावर दशावतारी खेळाला खरा रंग चढतो. संकासुराची थट्टामस्करी आटोपलेली असते आणि आख्यान युद्धापर्यंत येऊन ठेपलेले असते. मागे एक पडदा आणि पुढे एक बाक, एवढीच काय ती रंगभूमीची सामग्री. परंतु राजा त्या बाकावर उभा राहिला की त्याचाच रथ होतो. मृदंग व झांज यांची लय वाढते आणि तो रथ धावू लागतो. चाक नाही, घोडा नाही. तरीही पेंगुळलेला प्रेक्षक सावरून बसतो. रथात कोण आहे, तो कशासाठी निघाला आहे आणि हरल्यास त्याचे काय जाणार आहे, हे त्याला पुरते ठाऊक असते.

याच्या अगदी उलट प्रकार १९७१ साली प्रदर्शित झालेल्या ‘ल मां’ या अमेरिकन चित्रपटाचा झाला. फ्रान्समधील ल मां येथे सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या मार्गावर सलग चोवीस तास मोटारींची शर्यत चालते. चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅकक्वीन हा स्वतः कसलेला शर्यतपटू होता. १९७० साली सेब्रिंगच्या शर्यतीत पीटर रेव्हसनसह त्याने दुसरा क्रमांक पटकावला होता. शर्यतीचे अस्सल दर्शन घडवावे, ही त्याची महत्त्वाकांक्षा. त्यासाठी त्या वर्षीच्या प्रत्यक्ष शर्यतीतच कॅमेरे बसविलेली एक मोटार उतरविण्यात आली.

साधने विपुल होती. पटकथा मात्र तयार नव्हती. ‘द ग्रेट एस्केप’चा दिग्दर्शक जॉन स्टर्जेस याला माणसांची कथा हवी होती, मॅकक्वीनला शर्यत. अखेर स्टर्जेस सोडून गेला आणि ली कॅट्झिन याने काम तडीस नेले. चित्रणाच्या वेळी झालेल्या अपघातानंतर डेव्हिड पायपर या चालकाचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. एवढी किंमत मोजून पडद्यावर आले ते यंत्रांचे गर्जन. पहिल्या अर्ध्या तासात मुख्य पात्रांच्या तोंडी संवाद असा जवळजवळ नाहीच. प्रेक्षक निराश झाले.

वस्तुतः कथेत नाट्यबीज नव्हते असे नाही. शेवटच्या फेरीत नायक प्रतिस्पर्ध्याला रोखून धरतो, आपल्याच संघातील सोबत्याला विजय मिळू देतो आणि स्वतः दुसरा येतो. अशा प्रसंगी दशावतारी नटाने मनातील घालमेल उलगडून सभामंडप हेलावून सोडला असता. येथे तो त्याग मुकाट्याने घडतो आणि प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही.

डिचोलीच्या प्रेक्षकाला तर वेगाचे नावीन्यच नाही. शिरगाव-पिळगाव परिसरातील लोहखनिज भरलेले ट्रक नदीकाठच्या धक्क्यांकडे वर्षानुवर्षे धावले. जितक्या खेपा तितकी मिळकत, आणि डोक्यावर कर्जाचे हप्ते. त्या धावेमागे संसार होता. रस्त्याकाठच्या घरांना मात्र त्याच वेगाने लाल धूळ आणि अपघाताचे भय दिले. २०१२ साली खाणकाम बंद पडले, तेव्हा तेच ट्रक दारापुढे उभे राहिले. उभ्या ट्रकाकडे पाहणाऱ्या मालकाच्या मुद्रेवर जे नाट्य होते, ते त्या चित्रपटातील शेकडो मैलांच्या धावेत सापडत नाही.

पुढे शर्यतीच्या शौकिनांनी ‘ल मां’ची कदर केली, आणि त्या काळातील मोटारींचा दस्तऐवज म्हणून ती योग्यही आहे. पण दस्तऐवज म्हणजे नाट्य नव्हे. चाक किती वेगाने फिरते याचे कौतुक क्षणभर टिकते. ते कोणासाठी फिरते हे कळले, तरच प्रेक्षक पहाटेपर्यंत जागा राहतो. पेडण्याच्या त्या बाकाला हे पिढ्यान्‌पिढ्या साधले आहे.