कळलावी : एका रानफुलाचा इतिहास

इंदूरहून सांवेरमार्गे उज्जयिनीस जाणारी वाट महाकालाच्या यात्रेकरूंच्या परिचयाची आहे. इंदूरच्या बाजूस सांवेर रोडवर आता कारखान्यांची वसाहत आहे. ती ओलांडली की माळव्याची काळी जमीन लागते. या माळव्यात पावसाळ्यात झुडपांवर चढणाऱ्या एका वेलीस हिंदी भाषक कलिहारी म्हणतात. आपण मराठी माणसे तिला कळलावी म्हणतो.

उन्हाळ्यात ही वेल दिसत नाही. जमिनीखाली नांगराच्या आकाराचा कंद तेवढा जिवंत असतो. त्यावरूनच संस्कृतात ती लांगली झाली. पाऊस पडताच कोंब वर येतो. पानाचे टोकच तणाव्यासारखे वळून आधार धरते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडांना नागमोडी असतात. हिरवट पिवळा रंग केशरी होत होत लाल होतो. अग्निशिखा हे नाव तिला किती शोभते! कोकणात गौरीच्या सणात हीच फुले ‘गौरीचे हात’ म्हणून मान पावतात.

परंतु आयुर्वेदाने हिची गणना उपविषांत केली आहे. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून कळलावी, अशी नावाची उपपत्ती सांगतात. हिच्यातील कोल्चिसिन हे द्रव्य वातरक्तावर मोजक्या मात्रेने देतात. मात्रा चुकली तर तेच प्राण घेते. आपल्या पूर्वजांनी उपयोग आणि इशारा अशा रीतीने एकाच नावात बांधून ठेवला.

या ज्ञानाच्या इतिहासात आपल्या समाजाचाही वाटा आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात कळलावी ‘मेंदोणी’ या मलबारी नावाने आली आहे. या ग्रंथाच्या कामी मलबारी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे कोचीचे तीन कोंकणी वैद्य होते. 1675 सालचे त्यांचे कोंकणी साक्षपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापले आहे. लिनीअसने 1753 मध्ये या वेलीस ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे शास्त्रीय नाव दिले, ते त्यानंतर पाऊणशे वर्षांनी.

आज औषधांसाठी रानातून हिचे कंद खणले जातात. फूल तोडले तरी वेल पुढील वर्षी येते. कंद गेला की ती जागा कायमची रिकामी होते. म्हणून आमची विनंती एवढीच, की गौरीसाठी फूल घ्यावे, ते मुलांच्या तोंडी जाणार नाही हे पाहावे, आणि कंद भूमीच्याच स्वाधीन असू द्यावा.