तळटीप : आतड्याच्या अस्तराची दुरुस्ती

१७. लेखक ही दुरुस्ती एका वाक्यात उरकतात, म्हणून थोडे अधिक. लहान आतड्याच्या अस्तरातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात. नव्या पेशी तळाच्या खळग्यांतील मूळपेशींपासून तयार होतात. या मूळपेशींची खूण असलेले एलजीआर-५ हे प्रथिन हान्स क्लेव्हर्स यांच्या उट्रेक्ट येथील गटाने २००७ मध्ये ओळखले. विभागत राहण्याचा ‘विंट’ संदेश त्यांना शेजारच्या पानेथ पेशी आणि अस्तराखालच्या ऊतीतील पेशी देतात. पानेथ पेशी जंतुनाशक प्रथिनेही स्रवतात, म्हणजे पहारा आणि डागडुजी ही येथे वेगळी खाती नाहीत. इजा झाली की प्रतिकारसंस्थेच्या काही पेशी इंटरल्यूकिन-२२ सोडतात. गंमत अशी, की तो संदेश त्यांना स्वतःला वाचता येत नाही. त्याचे ग्राही अस्तराच्या पेशींवर असतात. त्या मग वेगाने वाढतात आणि जंतुनाशक प्रथिनांचे उत्पादन वाढवतात. मात्र हे संदेश वेळेवर थांबवावेही लागतात: मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत विंटला आवर घालणारे एपीसी जनुक बिघडलेले आढळते. ‘आतड्याची ताकद वाढवा’ म्हणणाऱ्या जाहिराती एवढ्या खोलात शिरत नाहीत. — संपा.