जखमेचे पुनर्वाचन : क्रेगलॉकहार्ट, १९१७

पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कविता वर्गात शिकवताना विल्फ्रेड ओवेन आणि सीगफ्रीड ससून यांच्या कवितांमागचे रुग्णालय बहुधा तळटीपेपुरतेच उरते. वस्तुतः एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट युद्ध-रुग्णालयाचा इतिहास हा मनाच्या जखमेवरील उपचारांचा जितका, तितकाच अर्थ लावण्याच्या व्यवहाराचाही इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

१९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स यांनी 'द लॅन्सेट'मध्ये तीन सैनिकांची लक्षणे नोंदवली आणि 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकात रूढ झाली. तोफगोळ्याच्या स्फोटाने शरीराला धक्का बसतो, ही त्या नावामागची कल्पना. पण स्फोटापासून दूर असलेले सैनिकही मुके आणि पांगळे होऊ लागले, तेव्हा ती अपुरी ठरली. उपचारांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात लुईस यीलंड यांनी वाचा गेलेल्या एका साध्या शिपायाला बंद खोलीत, घशाला विजेचे झटके देत, बोलेपर्यंत सोडले नाही. ही हकिकत त्यांनी स्वतःच १९१८ च्या ग्रंथात यश म्हणून सांगितली आहे.

क्रेगलॉकहार्ट मात्र केवळ अधिकाऱ्यांसाठी होते, आणि तेथे संभाषणाला वाव होता. तेथील डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरीतील तोडा समाजावरील त्यांचा ग्रंथ १९०६ चा. भीषण आठवणी विसरून जा, हा तेव्हाचा सर्रास सल्ला त्यांना घातक वाटे. डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी एका अधिकाऱ्याची कथा दिली आहे. मित्राचे छिन्नविच्छिन्न शरीर त्याला रोज स्वप्नात दिसे. रिव्हर्सनी त्याला सुचवले की, देहाची ती अवस्थाच मृत्यू तत्क्षणी आला, मित्राला यातना झाल्या नाहीत, याचा पुरावा आहे. घटना तीच राहिली. तिचे वाचन बदलले. स्वप्नाचे रूपही हळूहळू पालटले.

परंतु त्याच निबंधात दुसरा एक अधिकारी आहे. स्फोटाने उडून तो एका कुजलेल्या जर्मन प्रेतावर तोंडघशी पडला होता. या अनुभवात दिलासा देणारा एकही धागा रिव्हर्सना सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. प्रत्येक दुःखाला अर्थ देता येतोच, असे मानणाऱ्या आम्हां समीक्षकांना हा प्रामाणिकपणा विचारात पाडणारा आहे.

ओवेनचे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांची भिस्त श्रमावर होती. जमिनीपासून उचलला जाताच बळ गमावणारा ग्रीक पुराणातील अँटिअस त्यांना आपल्या रुग्णांचे प्रतीक वाटे. त्यांनी ओवेनला त्या कथेवर कविता लिहावयास सांगितले. रुग्णालयाच्या 'द हायड्रा' या नियतकालिकाचे संपादनही त्याने केले. ऑगस्ट १९१७ मध्ये तेथेच त्याची ससूनशी भेट झाली. त्यानंतरची कविता आपण शिकवतोच.

म्हणून 'लेखनाने मन बरे होते' असे विधान विद्यार्थ्यांपुढे करताना आम्ही थोडे थांबतो. या सैनिकी रुग्णालयात बरे होणे म्हणजे लढण्यास पुन्हा योग्य ठरणे होते, आणि तसे ठरवण्याचे काम रिव्हर्ससारख्या सहृदय वैद्याकडेच होते. आपल्या कार्यातला हा पेच त्यांनाही बोचत होता. ससून आणि ओवेन दोघेही बरे झाले आणि दोघेही आघाडीवर परतले. ससून डोक्याला गोळी लागूनही वाचला. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, मारला गेला.

उपचार यशस्वी झाला होता. प्रश्न एवढाच उरतो, की तो कोणासाठी?