वळचणीवरील अक्षरें

प्राचीन चीनचें नांव निघालें कीं मोठी भिंत, रेशीम आणि चिनी मातीचीं भांडीं हीं आपणांस प्रथम आठवतात. घरावरचीं कौलें कोणास आठवत नाहींत. तथापि जे लांकडी राजवाडे नामशेष झाले त्यांची ओळख आज पुष्कळ अंशीं या कौलांनींच करून द्यावयाची आहे.

चिनी छपरावरून नळीच्या कौलांच्या ओळी खालीं उतरत, आणि वळचणीशीं प्रत्येक ओळीचें शेवटचें कौल भाजलेल्या मातीच्या चकतीनें बंद केलेलें असे. तिला चिनी भाषेंत ‘वादांग’ म्हणतात. पाणी आंत शिरून वाशांचीं टोकें कुजूं नयेत, हें तिचें मूळ काम. परंतु अंगणांतून वर पाहणाराची दृष्टि नेमकी तेथेंच पडते, हें कारागिरांनीं हेरलें. पश्चिम चौ राजवटींत (अखेर इ. स. पूर्व ७७१) ही चकती अर्धवर्तुळाकार होती. पुढें छी राज्यानें तीवर वृक्ष उठविला, येन राज्यानें उग्र पशुमुख, तर छिन राज्यानें हरणें.

हान काळांत (इ. स. पूर्व २०६ ते इ. स. २२०) गोल चकती रूढ होऊन अक्षरांस मानाचें स्थान मिळालें. इ. स. पूर्व २०० च्या सुमारास प्रधान श्याओ ह यानें छांगआन येथें वेइयांग राजवाडा उभारला. युद्ध संपलें नसतां हा थाट कशाला, म्हणून सम्राट संतापला. तेव्हां वैभवावांचून सत्तेस दरारा नाहीं, असें प्रधानानें उत्तर दिल्याचें चिनी इतिहासकार सांगतात. त्या काळच्या कौलांवर ‘छांग-ल वेइ-यांग’ हीं चार अक्षरें वारंवार आढळतात. छांगल व वेइयांग या दोन राजवाड्यांचीं नांवें एकत्र येऊन ‘चिरकाल आनंद, त्यास अंत न होवो’ असा आशीर्वाद त्यांतून सिद्ध होतो.

पुढें बौद्ध धर्माच्या प्रसाराबरोबर चकतीवर कमळ फुललें, आणि तें कोरिया व जपान येथील मंदिरांच्या वळचणींपर्यंत पोंचलें.

नंतरच्या पंडितांनीं हान कौलांचे कागदावर ठसे घेतले. कित्येकांनीं तर शाई उगाळण्यासाठीं त्यांचीं पात्रें केलीं. त्यांचें प्रेम मुख्यतः अक्षरांवर. कौल कोठें सांपडलें याची चौकशी क्वचितच होई. विसाव्या शतकांतील उत्खननांनीं ही उणीव पुष्कळशी भरून काढली. जागेवरचें कौल इमारतीचा काळ सांगतें. जागेवेगळें झालेलें केवळ शोभेची वस्तु उरतें.

वेइयांगच्या जागीं आज मातीचे उंचवटे आहेत. सम्राटाचा दरारा केव्हांच सरला. परंतु अनामिक कुंभारानें साच्यांतून उठविलेला आशीर्वाद अद्यापि वाचतां येतो.